उन्हाळ्याची सुट्टी आणि मुलांचे वाचन : ठाणे-नवी मुंबईतील पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात मुलांसाठी लहानसा वाचनकट्टा चालतो. वार्षिक परीक्षा संपत आल्या की तेथे येणारे पालक साधारण तेच ते प्रश्न विचारतात. मुलांबरोबर बसून, त्यांचे वाचन ऐकून आणि त्यांच्या आवडीनिवडी पाहून या प्रश्नांची जी उत्तरे आम्हाला पटली, ती येथे सविस्तर दिली आहेत. प्रश्न सोयीच्या क्रमाने मांडले आहेत. आपल्याला हवा तो प्रश्न आधी वाचला तरी चालेल.

मुलांना वाचनाची गोडी लावण्यासाठी उन्हाळ्याची सुट्टीच का?

शाळेच्या दिवसांत मुलांच्या हाती पडणारे जवळजवळ प्रत्येक पुस्तक कोणीतरी नेमून दिलेले असते आणि त्यातील प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वाध्याय असतो. त्यामुळे वाचणे म्हणजे उत्तरे शोधणे, अशी समजूत फार लवकर पक्की होते. राज्य मंडळाच्या शाळा मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. केंद्रीय मंडळाच्या शाळा एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू करून मग सुट्टी देतात. तारखा थोड्या मागेपुढे झाल्या तरी दोन्हीकडच्या मुलांना काही आठवडे सलग असे मिळतात, की ज्यांत वाचनाचा गुणांशी काहीही संबंध नसतो. वाचनाकडे आपणहून वळण्यासाठी एवढी मोकळीक वर्षात पुन्हा मिळत नाही.

दुसरे कारण कौशल्याचे आहे. नुकतेच वाचू लागलेले मूल दीड-दोन महिने काहीच वाचत नसेल, तर त्याचा वेग मंदावतो आणि जूनमध्ये त्याला मागच्या पायरीवरून सुरुवात करावी लागते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गरीब वस्त्यांमधील प्राथमिक शाळांच्या मुलांना सलग ३ वर्षे, दर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, प्रत्येकी १२ पुस्तके घरी नेण्यासाठी देण्यात आली. ही पुस्तके मुलांनी स्वतः निवडायची होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातील कामगिरी पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा चांगली आढळली. त्यांना शिकवणी लावलेली नव्हती. पुस्तके घरात होती आणि ती त्यांच्या पसंतीची होती. पुढील बहुतेक उत्तरांमागे हीच गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगितली.

सुरुवात नेमकी कशी करावी?

मुलाला पुस्तकांच्या कपाटापर्यंत न्यावे आणि आपण दोन पावले मागे उभे राहावे. यातील दुसरा भाग अवघड आहे. मुलाने हात घातलेले पुस्तक ‘हे तुझ्यासाठी फार सोपे आहे’ किंवा ‘यात नुसती चित्रेच आहेत’ असे म्हणून पालकांनी परत कपाटात ठेवले, की मूल पुढचे पुस्तक स्वतः निवडत नाही. ते आईच्या किंवा बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत राहते. निवडीचा अधिकार द्यायचा, तर चुकीचे पुस्तक निवडण्याचा अधिकारही त्यातच आला.

एका वेळी एकच पुस्तक आणू नये. चार-पाच पुस्तके घरी आली, तर त्यांतील एखादे मुलाला धरून ठेवते आणि बाकीची न वाचता परत गेली तरी बिघडत नाही. पहिली काही पाने वाचूनही पुस्तकात मन रमले नाही, तर ते बाजूला ठेवण्याची मोकळीक मुलाला पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत द्यावी. आपण मोठी माणसेही न आवडलेली कादंबरी अर्धी सोडून देतो, मात्र मुलाने तसे केले तर त्याला धरसोड वृत्तीचा म्हणतो. हे न्याय्य नाही.

घरातील पुस्तके मुलाच्या हाताला येतील अशी ठेवावीत. काचेच्या कपाटात, कुलपाआड, मुलाच्या डोक्याच्या वर रचलेली पुस्तके घराची शोभा वाढवतात, परंतु मुलाच्या उपयोगी पडत नाहीत. पलंगाशेजारी एखादी टोपली आणि जेवणाच्या खोलीत खालचा एक कप्पा एवढी व्यवस्था पुरेशी असते.

मूल फक्त चित्रकथा, विनोदांची पुस्तके किंवा एकाच विषयावरचीच पुस्तके वाचते. ते चालेल का?

अवश्य चालेल. आमच्याकडे येणारा एक मुलगा बराच काळ फक्त सापांविषयीची पुस्तके नेत असे. त्याच्या आईला त्याने गोष्टी वाचाव्यात असे वाटे. एके दिवशी तो विषारी आणि बिनविषारी सापांचा तक्ता उघडून आपल्याहून मोठ्या मुलांना ‘निमविषारी’ म्हणजे काय ते समजावत होता. ‘फुरसे’, ‘मण्यार’, ‘धामण’ ही नावे तो बिनचूक वाचत होता आणि तक्त्याखालची बारीक अक्षरांतील टीपही त्याने सोडली नव्हती. जो मजकूर पाठ्यपुस्तकात असता तर त्याने वाचायला टाळाटाळ केली असती, तो तो दहा वेळा वाचत होता, कारण त्याला त्यातून काहीतरी हवे होते.

एकाच विषयावर सतत वाचणाऱ्या मुलाला त्या विषयाचे शब्द आधीच माहीत असतात, त्यामुळे नवे वाक्य उलगडणे सोपे जाते आणि वेग वाढतो. चित्रकथेत संवाद, चेहऱ्यावरचे भाव आणि चौकटींचा क्रम यांचा मेळ घालावा लागतो. तेही वाचनच आहे. क्रिकेटच्या धावसंख्या, कोडी, पाककृती, जादूचे प्रयोग, रेल्वेचे वेळापत्रक यांपैकी काहीही कमी प्रतीचे मानू नये. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुलाला तर मुळीच अडवू नये, कारण ओळखीच्या मजकुरावरच वाचनातील सफाई येते.

ठाण्यात आणि नवी मुंबईत मुलांसाठी पुस्तके कोठे मिळतील?

ठाणेकरांच्या जवळचे आणि फार मोलाचे ठिकाण म्हणजे १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय. ठाणे स्थानकाच्या परिसरात रोज जाणे-येणे असूनही ज्यांनी त्याची पायरी कधी चढलेली नाही अशी पुष्कळ कुटुंबे आहेत, आणि या सुट्टीत तरी त्यांनी मुलांना घेऊन तेथे जावे, अशी आमची मनापासून विनंती आहे. ठाणे नगर वाचन मंदिर हे त्याहूनही जुने वाचनालय शहरात आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातील ग्रंथालय मुलांना एकदा तरी दाखवावे असे आहे. याशिवाय अनेक उपनगरांत आणि नोडमध्ये (नवी मुंबईतील नियोजित वसाहतींमध्ये) लहान सार्वजनिक वाचनालये आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते, त्यामुळे त्यांची वर्गणी खासगी शिबिरांच्या शुल्काच्या मानाने बरीच कमी असते.

जाण्यापूर्वी चार गोष्टींची चौकशी करावी : बालविभाग स्वतंत्र आहे का, मुलांना कपाटातून स्वतः पुस्तके काढू देतात का, एका वेळी किती पुस्तके मिळतात आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते. यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. यादीत पाहून क्रमांक सांगायचा आणि आतून पुस्तक आणून मिळायचे, ही पद्धत मोठ्यांना चालते; मुलांना पुस्तक हातात घेऊन, उलटसुलट करून, मधलेच पान उघडून पाहायचे असते. सभासदत्वासाठी सहसा राहत्या पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि वर्गणी लागते. शक्य असल्यास सभासदत्वाचा अर्ज मुलाकडूनच भरून घ्यावा आणि कार्डावर त्याचेच नाव असावे.

विकत घ्यायची झाल्यास नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तके परवडणाऱ्या किमतीत मिळतात. मराठी चित्रपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची यादी जरूर पाहावी.

आमची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी उत्तम बोलतात, पण वाचताना अडखळतात आणि मग कंटाळतात. काय करावे?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्यामागची कळकळ आम्ही जाणतो. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले असले, तरी आठवड्यातील मोजक्या तासिकांमुळे वाचनाला सफाई येत नाही. घरात मराठी बोलली जाते ही मात्र फार मोठी जमेची बाजू आहे. शब्द मुलाच्या कानावर आधीच पडलेला असतो; तो कागदावर कसा दिसतो एवढेच त्याला ओळखायचे असते.

अडचणी कोठे येतात हे नीट पाहिले, तर त्या मोजक्याच असतात. देवनागरीत बहुतेक अक्षरांचा उच्चार ठरलेला असल्यामुळे साधे शब्द मुले लवकर वाचू लागतात, परंतु जोडाक्षर आले की थांबतात. त्यातही ‘र’ सर्वांत जास्त फसवतो, कारण ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी येतो, ‘ट्रक’मध्ये वेगळेच रूप घेतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये आणखी वेगळे. ‘चहा’ आणि ‘चंद्र’ यांतील ‘च’ एकसारखा लिहिला जात असला तरी उच्चार निराळा आहे, आणि तो लिपीत दाखवलेला नसतो. इंग्रजी वाचण्याची सवय झालेले मूल ऱ्हस्व-दीर्घ मात्रांवरून नजर पटकन पुढे नेते. या गोष्टी मुलाला धडा म्हणून शिकवण्याऐवजी, जेव्हा त्या पुस्तकात समोर येतील तेव्हा एका वाक्यात सांगून पुढे जावे.

पुस्तक मुलाच्या वयाचे असावे असा आग्रह सोडावा. इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला मराठीत मोठ्या अक्षरांचे, पानावर चार ओळींचे पुस्तक सोपे जाते, पण ते ‘लहान बाळांचे’ असल्यामुळे ती लाजते. अशा वेळी तिला ते धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या लहान मुलाला वाचून दाखवायला सांगावे. आता सोपे पुस्तक हाती असण्याला एक सन्मानाचे कारण मिळते आणि वाचनाचा सरावही होतो. बालकविता आणि बडबडगीतेही यासाठी उत्तम, कारण यमकामुळे पुढचा शब्द कानाला आधीच सुचतो आणि डोळे त्याला दुजोरा देतात.

पुस्तकातील मराठी आणि घरातील मराठी यांत अंतर असते, हेही लक्षात ठेवावे. घरी ‘पुस्तकं’ म्हणणारे मूल ‘पुस्तके’ पाहून क्षणभर गोंधळते. ‘उद्गारला’, ‘निश्चय’, ‘तत्क्षणी’ असे शब्द त्याने ऐकलेलेच नसतात. संवादप्रधान, बोलीच्या जवळ जाणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात केली तर हे अंतर हळूहळू कमी होते.

आणि रस्त्यावरचे मराठी विसरू नये. बसच्या कपाळावरची पाटी, दुकानांची नावे, लोकलच्या डब्यातील सूचना, वाणसामानाची यादी, लग्नपत्रिका, हे सगळे वाचण्याजोगे आहे. बस फलाटाला लागण्याआधी ती कोणत्या गावाची हे मुलाने ओळखायचे, असा खेळ ठाणे स्थानकाबाहेर उभ्या उभ्या खेळता येतो.

मूल वाचताना चुकले तर लगेच दुरुस्त करावे का?

लगेच करू नये. आम्ही पाहिलेला एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. साधारण नऊ वर्षांचा मुलगा ओळीखाली बोट ठेवून वाचत होता आणि शेजारी बसलेली आई प्रत्येक चुकीला शब्द सुधारून सांगत होती. थोड्या वेळाने त्याचे बोट प्रत्येक लांब शब्दापाशी आपोआप थांबू लागले. तो शब्द वाचण्याचा प्रयत्नही करत नव्हता, आईने सांगण्याची वाट पाहत होता. आईला फक्त एवढेच सुचवले, की शब्द अडला तर मनात पाचपर्यंत मोजावे आणि मगच बोलावे. त्यानंतर तो बरेचसे शब्द स्वतःच सोडवू लागला, काही वेळा तर पुढचे वाक्य वाचून मागची चूक आपणहून सुधारू लागला. अर्थ बदलत नसेल तर चूक सोडून द्यावी. अर्थाचा अनर्थ होत असेल, तर वाक्य संपल्यावर ‘हे तुला बरोबर वाटतं का?’ एवढेच विचारावे.

मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे का, आणि कितव्या वर्षापर्यंत?

मूल स्वतः वाचू लागले की बहुतेक घरांत वाचून दाखवणे बंद होते, आणि नेमके तेथेच वाचनाशी जुळलेले नाते सुटते. पहिली-दुसरीतील मुलाला ज्या गोष्टी कळतात आणि आवडतात, त्या त्याला स्वतः वाचता येणाऱ्या गोष्टींहून पुष्कळ गुंतागुंतीच्या असतात. हे अंतर वर्षानुवर्षे राहते. त्या काळात कोणी वाचून दाखवले नाही, तर मुलाच्या वाट्याला फक्त बाळबोध मजकूर येतो आणि त्याला वाटते की पुस्तके म्हणजे एवढेच. म्हणून आमचे उत्तर असे आहे, की मूल ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत वाचून दाखवावे, आणि सातवी-आठवीतील मुलेही ‘पुरे’ म्हणतातच असे नाही.

वाचून दाखवण्यासाठी नाट्यपूर्ण आवाजाची गरज नसते. संथ वाचावे, संवादांत पात्रागणिक थोडा फरक करावा, आणि मुलाच्या नजरेस पान पडेल असे बसावे. प्रकरणांची लांब गोष्ट निवडली असेल, तर उत्कंठा वाढलेल्या जागी थांबून पुस्तक तेथेच उघडे ठेवून उठावे. काही मुले उरलेले प्रकरण त्याच दुपारी स्वतः वाचून काढतात. पान-पान आलटून पालटून वाचणे हाही चांगला मार्ग आहे : डावे पान मोठ्या माणसाने, उजवे मुलाने.

मे महिन्यात बारा ते चार या वेळेत ठाण्यात मुलांना खेळायला बाहेर सोडणे शक्य नसते. पंख्याखाली, पडदे ओढून, जेवणानंतर अर्धा तास वाचून दाखवण्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

रोज किती वेळ किंवा किती पाने वाचावीत?

पानांचे लक्ष्य ठेवू नये. वेळ शक्यतो ठरलेली असावी, जसे दुपारचे जेवण झाल्यावर किंवा रात्री झोपण्यापूर्वी; कालावधी मुलाच्या मनावर सोडावा. दहा मिनिटे मन लावून केलेले वाचन तासभर घड्याळाकडे पाहत केलेल्या वाचनापेक्षा चांगले.

वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे बक्षीस द्यावे का?

आमचे मत नाही असे आहे, आणि त्याला आधारही आहे. १९७३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुळातच रंगीत पेनांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले गेले. काही दिवसांनी, बक्षिसाची बोली नसताना, तीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांना काहीच कबूल केलेले नव्हते, किंवा ज्यांना अचानक बक्षीस मिळाले, त्यांची आवड घटलेली नव्हती. जे आनंदासाठी करायचे ते मोबदल्यासाठी करण्याची सवय लागली, की मोबदला थांबताच ते कामही थांबते.

पैसे, चॉकलेट किंवा मोबाइलवरचा जादा वेळ यांच्या बदल्यात वाचन करून घेतले, तर मुले पातळ पुस्तके निवडू लागतात आणि शेवटचे पान आधी गाठतात. कौतुक जरूर करावे, पण ते पुस्तकाशी निगडित असावे. आवडलेल्या पुस्तकाच्या लेखकाचे दुसरे पुस्तक आणून देणे किंवा त्याच विषयावरच्या ठिकाणी घेऊन जाणे यात कौतुकही आहे आणि वाचनाला पुढचे पाऊलही आहे.

वाचून झाल्यावर प्रश्न विचारावेत का, सारांश लिहून घ्यावा का?

सारांश लिहून घेऊ नये आणि तात्पर्य तर कधीही विचारू नये. गप्पा मात्र माराव्यात, ज्यांत आपणही आपले मत सांगावे : हे पात्र मला पटले नाही, हा प्रसंग वाचून मला आपल्या गावची आठवण झाली. तुम्ही ते पुस्तक खरोखर वाचले असेल तरच अशा गप्पा रंगतात. मुलांना ते लगेच कळते.

मोबाइल आणि टॅबलेटवरचे वाचन चालेल का?

कागदी पुस्तकाला आमची पसंती आहे, कारण पडद्यावर एका बोटाच्या अंतरावर खेळ आणि चित्रफिती असतात आणि लहान मुलाने त्या मोहावर मात करावी ही अपेक्षा अवास्तव आहे. तरीही पुस्तके घरापर्यंत पोहोचत नसतील, तर दोन मोफत ठेवे अवश्य वापरावेत. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ हे मुलांचे मासिक प्रकाशित करत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आजच्या पालकांनी, काही घरांत तर आजी-आजोबांनीही, बालपणी वाचलेले अंक तेथे सापडतात. तो अंक त्यांनी मुलांबरोबर बसून वाचावा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रगोष्टी चार पायऱ्यांमध्ये विभागलेल्या आहेत आणि त्या उतरवून घेऊन छापताही येतात. छापून, मध्ये दोरा घालून शिवलेली अशी छोटी पुस्तिका मूल अनेक दिवस जपते.

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. मग हे सगळे कधी करायचे?

ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ येथून रोज लोकलने जाणाऱ्या आई-वडिलांची ही खरी अडचण आहे आणि त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. दिवसभरात दहा मिनिटे पुरेशी आहेत आणि ती रोज आई-वडिलांनीच द्यावीत असेही नाही. घरात आजी-आजोबा असतील, तर मुलाने दुपारी त्यांना वर्तमानपत्रातील एखादी बातमी वाचून दाखवावी. ज्येष्ठांना बारीक अक्षरे दिसत नाहीत आणि मुलाला श्रोता हवा असतो. मूल पाळणाघरात राहत असेल, तर तेथील ताईंना पिशवीभर पुस्तके नेऊन द्यावीत आणि ती पंधरा दिवसांनी बदलावीत. काही पालक रात्री एखादे प्रकरण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि मूल दुसऱ्या दिवशी पुस्तक समोर धरून ते ऐकते. आईचा किंवा बाबांचा आवाज कानात आणि तीच ओळ डोळ्यांसमोर असल्यामुळे अडखळणाऱ्या मुलांना याचा विशेष उपयोग होतो.

मोठ्यांनी स्वतः वाचताना मुलांना दिसणे मात्र आवश्यक आहे. रविवारी सकाळी घरातील सर्वांनी एकाच खोलीत आपापले पुस्तक घेऊन थोडा वेळ बसावे.

वाचनाला बाहेर फिरण्याची जोड कशी द्यावी?

या बाबतीत आपला परिसर भाग्यवान आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्याला आली. रेल्वेविषयीचे पुस्तक वाचणाऱ्या मुलाला, ज्या गावच्या फलाटावरून आपण रोज गाडी पकडतो त्याच गावी ती गाडी पोहोचली होती, हे सांगितले की इतिहासाचे पान एकदम जवळचे होते. ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये या परिसराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीला खाडीकिनारी सागरी जैवविविधतेचे माहिती केंद्र आहे. रोहित पक्षी साधारणपणे मेपर्यंत येथे असतात, त्यामुळे सुट्टीच्या पहिल्या आठवड्यांतच जावे. पक्ष्यांचे सचित्र पुस्तक बरोबर न्यावे आणि परत आल्यावर ते पुन्हा उघडावे. दुसऱ्या वेळचे वाचन पहिल्यापेक्षा फार वेगळे असते, कारण आता मुलाकडे प्रश्न असतात. खाडीपर्यंत जाणे जमले नाही, तर गच्चीतून किंवा खिडकीतून ऐकू येणारा तांबट आणि कोकीळ यांच्यापासूनही सुरुवात करता येईल. किल्ल्यांच्या गोष्टी आवडणाऱ्यांसाठी घोडबंदरचा आणि बेलापूरचा किल्ला आहे.

नववी-दहावीच्या उंबरठ्यावरची मुले पूर्वी वाचत होती, आता अजिबात वाचत नाहीत. त्यांचे काय?

या वयात घरातल्यांनी सुचवलेले पुस्तक नाकारणे हे वाढण्याचाच भाग असते, त्यामुळे शिफारस मित्रमैत्रिणींकडून आलेली बरी. आपल्या आवडीचे पुस्तक वर्गातील एखाद्याला देऊन त्याचे आपण घ्यावे, एवढे सुचवून बाजूला व्हावे. बालपुस्तके मागे पडलेली आणि प्रौढांची पुस्तके अजून परकी वाटणारी, अशा मधल्या वयात विज्ञानकथा, रहस्यकथा, गिर्यारोहणाचे अनुभव, खेळाडूंची आत्मचरित्रे यांचा आधार होतो. वाचनालयाच्या मोठ्यांच्या विभागात त्यांना जाऊ द्यावे. दहावीच्या जादा वर्गांमुळे ज्यांची सुट्टीच उरलेली नाही, त्यांच्यावर वाचनाचा आणखी एक भार टाकू नये.

मूल सर्व प्रयत्न करूनही वाचू शकत नाही, वाचायचे म्हटले की रडते. हा आळस आहे का?

आळस म्हणून सोडून देऊ नये. प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यानंतरही वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापर्यंत सारखी दिसणारी अक्षरे गोंधळणे, ओळ सुटणे, एकच शब्द प्रत्येक ओळीत वेगळा वाचणे, बोलताना हुशार असूनही लिहिताना फार मागे पडणे अशी लक्षणे टिकून राहिली, तर अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञांकडून तपासणी करावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. निदान झाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षांत सवलती मिळतात आणि विशेष शिक्षकांची मदत घेता येते. तोपर्यंत या मुलांना वाचून दाखवणे, गोष्टी ऐकवणे मुळीच थांबवू नये, कारण अक्षरांशी त्यांची झुंज असली तरी गोष्टींची भूक इतर मुलांइतकीच असते. त्यांना सर्वांसमोर वाचायला उभे करू नये.

आमच्या सोसायटीत मुलांसाठी वाचनकट्टा सुरू करायचा आहे. काय लागेल?

फार काही लागत नाही. सभागृहाचा एक कोपरा, सतरंजी, उघडे कप्पे आणि आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी तेथे बसणारे कोणीतरी एवढ्यावर काम सुरू होते. समितीची परवानगी लेखी घ्यावी. पुस्तके घरोघरी मागितली तर पुष्कळ जमतात, पण त्यांत जुनी पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके फार असतात. ती नम्रपणे परत करावीत, नाहीतर कप्पे भरतात आणि मुले फिरकत नाहीत. शंभर निवडक पुस्तके पाचशे सरसकट पुस्तकांहून चांगली. पुस्तकांचे पुठ्ठे दिसतील अशी काही पुस्तके समोर उभी मांडावीत, कारण लहान मुले कण्यावरचे नाव वाचून पुस्तक उचलत नाहीत.

नोंदवही मुलांच्याच हाती द्यावी. पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, तारीख, आणि एक जास्तीचा रकाना ठेवावा, ज्यात परत करताना मूल दुसऱ्या मुलांसाठी एक ओळ लिहील. ‘शेवटी कुत्रा सापडतो, घाबरू नका’ अशी एखाद्याची नोंद वाचून पुढची तीन मुले तेच पुस्तक मागतात. मोठ्यांच्या कोणत्याही शिफारशीने हे साधत नाही. उशिराबद्दल दंड ठेवू नये. फाटलेल्या पुस्तकांसाठी चिकटपट्टी, कात्री आणि डिंकाची बाटली नोंदवहीशेजारीच ठेवावी, आणि ज्याच्या हातून पुस्तक फाटले त्यानेच ते आमच्याबरोबर बसून जोडावे, एवढा एकच नियम आम्ही पाळतो.